बेरीज आणि नकाराचे पत्र

डायलिसिसचे यंत्र १९६० पूर्वीही होते, पण ज्याची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आहेत अशा रुग्णाला त्याचा उपयोग नव्हता. दर वेळी रक्त बाहेर काढण्यासाठी आणि परत सोडण्यासाठी एक धमनी आणि एक शीर उघडावी लागे, आणि काही वेळा असे केल्यावर उघडायला जागाच उरत नसे. १९६० च्या मार्चमध्ये अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी यावर जो उपाय काढला तो दिसायला किरकोळ होता. टेफ्लॉनच्या दोन नळ्या रुग्णाच्या हातात कायमच्या बसवायच्या आणि यंत्र जोडलेले नसेल तेव्हा त्यांची बाहेरची टोके यू आकाराच्या तुकड्याने एकमेकांना जोडून ठेवायची, म्हणजे रक्त वाहते राहते आणि नळ्या तुंबत नाहीत. एवढ्याने वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले. जो आजार थोड्याच काळात जीव घेत असे, तो सांभाळून जगता येऊ लागले. पण त्याबरोबरच वैद्यकाच्या हाती उत्तर नसलेला एक प्रश्न उभा राहिला, कारण यंत्रे मूठभर होती आणि रुग्ण कितीतरी अधिक.

१९६२ मध्ये सिएटलच्या केंद्राने हा प्रश्न सात जणांच्या एका समितीकडे सोपवला. त्यांत एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँक-व्यावसायिक, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यचिकित्सक होते, आणि त्यांची नावे गुप्त होती. वैद्यकीयदृष्ट्या कोण पात्र हे डॉक्टर आधी ठरवत, लहान मुले आणि पंचेचाळीस वर्षांवरील माणसे तिथेच वगळली जात, आणि उरलेल्यांतून कोणाला यंत्र मिळणार हे समिती ठरवी. विवाहित आहे का, पदरी किती माणसे आहेत, मिळकत किती, शिक्षण काय, चर्चला जातो का, समाजासाठी आजवर काय केले आणि पुढे काय करू शकेल, अशा गोष्टी तिच्यासमोर तोलल्या जात. समितीची हकीकत त्याच वर्षी एका मासिकाने छापली तेव्हा वाचकांना धक्का बसला, आणि १९६८ मध्ये दोन अभ्यासकांनी एका कायदाविषयक नियतकालिकात असा टोला हाणला की मूत्रपिंडे बिघडलेल्या, हेन्री डेव्हिड थोरोसारख्या लेखकाने त्या भागात राहण्यात अर्थ नाही. एकांतात राहणारा, कर भरायला नकार देणारा, अविवाहित माणूस त्या तराजूत हलकाच भरला असता.

समितीला हसणे सोपे आहे. तिने मध्यमवर्गीय सभ्यता हेच माणसाचे मूल्य मानले, ही तिची चूक सगळ्यांना दिसते, आणि बहुतेक टीका तिथेच थांबते. माझ्या मते तिची खरी चूक त्याच्या एक पायरी खाली आहे, आणि ती आपण आजही, अधिक सुसंस्कृत साधने वापरून, करत असतो. समितीसमोर दोन प्रश्न होते. जगात काय असणे चांगले, कशाला मूल्य आहे, हा पहिला. समोर बसलेल्या माणसांशी कसे वागणे योग्य, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सापडले की दुसऱ्याचे आपोआप मिळते, असे तिने गृहीत धरले. ज्याच्या जगण्यातून जगात अधिक चांगले निर्माण होईल त्याला यंत्र द्यावे, यापुढे काही विचारायचे उरते असे तिला वाटले नाही. तिने मूल्यमापनासाठी दुसरे, अधिक उदार निकष वापरले असते तरी हे गृहीतक तसेच राहिले असते.

नीतिशास्त्राच्या पहिल्या वर्गात हे दोन प्रश्न वेगळे करून शिकवले जातात. एकाला मूल्यविचार म्हणता येईल आणि दुसऱ्याला योग्य कृतीचा विचार. योग्य कृती म्हणजे सर्वाधिक चांगले घडवणारी कृती, हा या दोहोंना जोडणारा एक सिद्धांत आहे, आणि तो परिणामवाद या नावाने ओळखला जातो. चांगले म्हणजे सुख, असे त्यात भरले की इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा १७८९ मधला उपयुक्ततावाद तयार होतो. मराठी वाचकाला ही विचारसरणी 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' या शब्दांत ओळखीची आहे, कारण टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त तिची सविस्तर तपासणी केली. परिणामवाद हा अनेकांतला एक सिद्धांत आहे, हे सार्वजनिक चर्चेत मात्र विसरले जाते. 'एकूण हित कशात आहे' हे दाखवले की वाद संपला, असे मंत्री मानतात, संपादक मानतात, आणि आकडेवारी मांडणारा तज्ज्ञ तर मानतोच. विरोध करणाऱ्यावर भावनाप्रधानतेचा शिक्का बसतो.

आधी पहिल्या प्रश्नाकडे पाहू, कारण तोही वाटतो तितका सरळ नाही. आज आरोग्यावरचा खर्च ठरवताना अनेक देशांत जे एकक वापरले जाते त्याचे नाव 'गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्ष', आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सर्रास 'क्वाली' म्हणतात. पूर्ण आरोग्यातले एक वर्ष म्हणजे एक, मृत्यू म्हणजे शून्य, आणि आजारातले किंवा अपंगत्वातले वर्ष यांच्यामध्ये कुठेतरी. कोणते उपचार सरकारी आरोग्यसेवेतून द्यावेत हे सांगणारी, ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये स्थापन झालेली 'नाइस' ही संस्था दीर्घकाळ असे धरून चालली की एका क्वालीसाठी साधारण २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा खर्च सार्वजनिक पैशातून करण्याजोगा आहे. यात लपवाछपवी नाही, नियम सर्वांना ठाऊक आहे, आणि सिएटलच्या बंद खोलीपेक्षा ही व्यवस्था शंभर पटींनी बरी आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण हे 'मध्ये कुठेतरी' ठरते कसे? एक रूढ पद्धत अशी आहे. बहुतांशी निरोगी असलेल्या नागरिकांसमोर एका अवस्थेचे वर्णन ठेवतात: चालायला अडचण आहे, स्वतःचे कपडे घालताना थोडी मदत लागते, मध्यम वेदना असतात. मग विचारतात, या अवस्थेत दहा वर्षे जगणे आणि पूर्ण आरोग्यात त्याहून कमी वर्षे जगणे यांत निवड करायची असेल, तर किती वर्षांवर तुम्हाला दोन्ही सारखेच वाटेल? 'सात' असे उत्तर आले तर त्या अवस्थेतल्या एका वर्षाचे मोल ०.७ ठरते. अशा कितीतरी उत्तरांची सरासरी काढली की तक्ता तयार होतो. प्रश्न नीट वाचला तर जाणवते की उत्तर देणारा माणूस त्या अवस्थेत कधी जगलेला नाही. तो आपली भीती सांगतो आहे. जे प्रत्यक्ष त्या अवस्थेत आहेत ते आपल्या आयुष्याचे मोल पुष्कळदा बाहेरच्यांच्या अंदाजापेक्षा जास्त सांगतात, हे या क्षेत्रात वारंवार आढळलेले आहे. मग खरे कोणाचे? रुग्णाने अपेक्षा कमी करून घेतल्या म्हणून तो समाधानी आहे, असे म्हणावे, की निरोगी माणसाला जे दिसत नाही ते त्याला दिसते आहे, असे म्हणावे?

हा प्रश्न अधिक सर्वेक्षणे करून सुटणारा नाही, कारण चांगल्या आयुष्याची व्याख्या काय हे ठरल्याखेरीज सर्वेक्षणात काय मोजायचे तेच कळत नाही. मूल्य म्हणजे सुखद अनुभव असेल तर रुग्णाचे समाधान हाच अखेरचा पुरावा ठरतो. पण तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये एक यंत्र कल्पिले, ज्याला जोडून घेतले की मेंदूला हवे ते सर्व अनुभव खरे वाटतील असे मिळतात, प्रत्यक्षात मात्र माणूस एका टाकीत तरंगत असतो. आणि बहुतेक जण त्याला जन्मभर जोडून घ्यायला नाखूश असतात. अनुभवापलीकडेही आपल्याला काहीतरी हवे असते, असा त्याचा अर्थ. ते काहीतरी म्हणजे इच्छापूर्ती असेल तर कोणाच्या आणि कोणत्या इच्छा, हे सांगावे लागते. ज्ञान, मैत्री, कर्तृत्व अशी वस्तुनिष्ठ यादी करावी तर ती कोणी करायची हा वाद आहेच, आणि सिएटलच्या समितीने अशीच एक यादी केली होती हे विसरता येत नाही. क्वालीचा दशांश अपूर्णांक या सगळ्या वादांवर एक स्वच्छ पांढरी चादर घालतो. निर्णयासाठी कुठेतरी थांबावे लागते हे खरे, परंतु आपण थांबलो आहोत, पोहोचलेलो नाही, याची आठवण त्या अपूर्णांकासोबत कायम असायला हवी.

आता वादासाठी समजू की हे सारे वाद मिटले आणि प्रत्येक आयुष्यातले चांगले-वाईट अचूक मोजणारे साधन हाती आले. तरी दुसरा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यात गरिबांच्या सरकारी आरोग्य-योजनेतून कोणते उपचार द्यायचे हे ठरवण्यासाठी १९९० मध्ये एक यादी तयार झाली. तीत सोळाशेच्या आसपास उपचार खर्च आणि लाभ यांच्या गुणोत्तरानुसार क्रमाने लावले होते. यादी बाहेर आली आणि लोकांनी कपाळाला हात लावला. दाताला कॅप बसवण्याचा उपचार गर्भाशयाबाहेर गर्भ राहिल्यास करायच्या शस्त्रक्रियेच्या वर होता. त्या शस्त्रक्रियेविना बाईचा जीव जाऊ शकतो, आणि कॅपविना दात ठणकतो.

आकडे कच्चे होते, काही ठिकाणी चुकलेलेही होते, आणि यादी मागे घेऊन पुन्हा नव्याने केली गेली. पण चूक केवळ आकड्यांची होती असे म्हणून सुटका होत नाही. एका शस्त्रक्रियेच्या खर्चात शंभराहून अधिक दातांना कॅप बसत असेल, आणि प्रत्येक कॅपने थोडासा का होईना लाभ होत असेल, तर त्या थोड्याथोड्या लाभांची बेरीज केव्हातरी एका जिवाला मागे टाकणारच. शंभरांनी नाही टाकले तर दहा हजारांनी टाकेल. गणित बरोबर असले तरी उत्तर चुकीचे वाटते, आणि असे का वाटते याचा शोध घेणे हा नीतिशास्त्राचा मुख्य उद्योग आहे. ते वाटणे दाबून टाकणे हा नव्हे.

तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये या अस्वस्थतेला नेमके शब्द दिले. एका माणसाने स्वतःच्या आयुष्यापुरती बेरीज करणे शहाणपणाचे असते: आज दात उपटण्याची वेदना सोसावी, पुढची वर्षे सुखात जातील. वेदना ज्याची त्यालाच सुख मिळते, म्हणून सौदा पुरा होतो. उपयुक्ततावाद हाच हिशेब संपूर्ण समाजाला लावतो, जणू समाज हा एक मोठा माणूस आहे आणि त्याच्या एका अवयवाने सोसलेले दुसऱ्या अवयवात भरून निघते. पण इथे सोसणारी बाई एक आहे आणि दातांचा ठणका थांबलेली माणसे दुसरी आहेत. तिचे नुकसान त्यांच्या लाभाने भरून निघत नाही. ते फक्त वहीत वजा पडते. शिवाय त्या शंभर लाभांचा मिळून अनुभव घेणारा कोणीही नाही. शंभर जणांना प्रत्येकी एक ठणका कमी झाला, एवढेच जगात घडते. 'शंभर ठणक्यांएवढे सुख' ही गोष्ट कोणाच्याही आयुष्यात घडत नाही.

याची कसोटी म्हणून मी मनाशी एक प्रयोग करतो, आणि सार्वजनिक धोरण आखणाऱ्या प्रत्येकाने तो करावा असे माझे म्हणणे आहे. ज्याला नकार मिळाला त्याला पत्र लिहायला बसायचे. धोरणाची टिप्पणी नव्हे, त्या माणसाला उद्देशून पत्र. सिएटलच्या समितीचे प्रामाणिक पत्र असे झाले असते: 'आपण विवाहित नाही, आपल्यावर कोणी अवलंबून नाही, आपल्या जाण्याने समाजाचे फारसे बिघडणार नाही, म्हणून यंत्र आपल्याला न देता दुसऱ्यास देत आहोत.' हे पत्र कोणी पाठवले नसते. ओरेगॉनच्या पहिल्या यादीचे पत्र असे: 'आपला जीव वाचवता आला असता, पण त्या पैशात पुष्कळ लोकांच्या दातांना कॅप बसतात.' हेही पाठवता येत नाही. तत्त्वज्ञ टी. एम. स्कॅनलन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा साधारण हाच आहे: ज्या तत्त्वाला कोणीही वाजवी कारणाने नाकारू शकणार नाही त्या तत्त्वाला धरून असलेली कृती योग्य, आणि हे नाकारणे एकेका माणसाच्या बाजूने तपासायचे, गोळाबेरजेच्या बाजूने नाही.

टिळकांनीही परिणामांच्या हिशेबावर आक्षेप घेताना एक उदाहरण दिले आहे. ट्रामची गरज असलेल्या अमेरिकेतील एका शहरात परवानगी लवकर मिळावी म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली, आणि तरीही आपण त्या कृत्याला चांगले म्हणत नाही. यावरून ते कर्त्याच्या बुद्धीकडे, हेतूच्या शुद्धतेकडे वळतात. व्यक्तीचे चारित्र्य पारखताना ते ठीक आहे, पण संस्थेच्या बाबतीत तो मार्ग मला पुरा पडेलसा वाटत नाही. संस्थेला हेतू असतो तो फार तर तिच्या घटनेत लिहिलेला, आणि सिएटलच्या सातही जणांचे हेतू शुद्धच होते. संस्थेकडे जे मागता येते ते कारण, आणि तेही ज्याच्यावर निर्णय येऊन पडला त्याला तोंडावर सांगता येईल असे.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घ्यायला हवा. १९७७ मध्ये जॉन टॉरेक या तत्त्वज्ञाने माणसामाणसांतली बेरीज नाकारण्याची वाट शेवटपर्यंत चालून पाहिली. एका औषधाने एकतर एक माणूस वाचेल, कारण त्याला सगळी मात्रा लागते, किंवा पाच वाचतील, कारण त्यांना प्रत्येकी पाचवा हिस्सा पुरतो. टॉरेक म्हणाला, मी नाणे उडवीन. पाच जणांचे मरण कोणीही एकत्र भोगत नाही. प्रत्येकाचे नुकसान एकाच्याच नुकसानाएवढे आहे. म्हणून प्रत्येकाला निम्मी संधी देणे हेच समान वागवणे. युक्तिवाद चोख आहे आणि निष्कर्ष बहुतेकांना असह्य वाटतो, मलाही. ज्याला ही बेरीज नको आहे त्याने टॉरेकबरोबर जावे, नाहीतर मुकाट्याने क्वाली स्वीकारावी, असा पेच परिणामवादी घालतात.

पेचातून वाट आहे, आणि ती पत्रातूनच सापडते. एकाला पत्र लिहू या: 'आपल्याला वाचवण्याचे कारण जितके बळकट होते तितकेच बळकट कारण या दुसऱ्या माणसाच्या बाजूने होते, आणि तिसऱ्याच्या, चौथ्याच्याही. आपले कारण एकाच्या कारणाशी बरोबरीत सुटले. बाकीच्यांचे असणे-नसणे निर्णयात काहीच फरक पाडत नाही असे आम्ही धरले असते, तर त्यांना आम्ही मोजलेच नाही असा त्यांचा आक्षेप आला असता, आणि तो खरा ठरला असता.' हे पत्र कठोर आहे, पण ते पाठवता येते. वाचणाऱ्याला ते आवडणार नाही; तरी त्यात त्याला कमी लेखलेले नाही. म्हणजे संख्या मोजावी, पण सारख्या तोलाचे दावे समोरासमोर असतील तिथे. जिवासमोर जीव असेल तर पाच हे एकाहून अधिक. जिवासमोर दातदुखी असेल तर दातदुख्या कितीही असोत, त्या त्या रांगेतच उभ्या राहत नाहीत.

अर्थात रांगेत कोण उभे राहू शकते, याची सीमा कुठे? मरणासमोर दोन्ही पाय जाणे उभे राहू शकते का? बहुधा हो; हजार जणांचे पाय वाचवायचे की एकाचा जीव, हा प्रश्न निदान प्रश्न तरी आहे. मग पायांसमोर एक हात, हातासमोर एक बोट, बोटासमोर आठवडाभराची वेदना, असे पायरी-पायरीने उतरत गेलो तर शेवटी दातदुखी जिवासमोर येऊन उभी राहते, कारण प्रत्येक पायरीवर 'शेजारचा दावा तोलाचा आहे' असे आपण मान्य केलेले असते. हा आक्षेप मला खरोखर अडचणीचा वाटतो. त्यावर एवढेच म्हणता येते की 'तोलाचा असणे' हे नाते 'उंचीने जवळजवळ सारखे असणे' यासारखे आहे. शेजारी-शेजारी उभे केलेले दर वेळी जवळजवळ सारखे असतात, आणि तरी पहिला नि शेवटचा यांच्यात हातभर फरक असतो. प्रत्येक दावा समोरच्या सर्वांत बळकट दाव्याशी ताडायचा, मधल्या पायऱ्यांवरून चढवत आणायचा नाही. यामुळे सीमारेषेवरची प्रकरणे संदिग्ध राहतील हे मी कबूल करतो. पण बेरजेने ही संदिग्धता जाते ती दात आणि जीव एकाच रकान्यात मांडून, आणि ती किंमत मला जास्त वाटते.

दुसरा एक आक्षेप अधिक व्यवहारी आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉन हर्सानी यांनी १९५० च्या दशकात असा विचार मांडला की आपण समाजात कोणाच्या जागी असू हे ठाऊक नसताना, आणि प्रत्येक जागी असण्याची शक्यता सारखी धरून, कोणताही शहाणा माणूस सरासरी हित वाढवणारी व्यवस्थाच निवडेल. धोरण हे असे आधीच, चेहरे दिसण्यापूर्वी, ठरवायचे असते. मग पत्र लिहायचे कोणाला? पत्र आपल्याच संमतीने लिहिले गेले. या युक्तिवादात बळ आहे. रस्त्यावरची वेगमर्यादा किंवा लसीकरणाचे वेळापत्रक आपण अशाच हिशेबाने ठरवतो आणि त्यात काही वावगे नाही, कारण तिथे धोका खरोखरच सगळ्यांवर थोडाथोडा पसरलेला असतो. पण जन्मापासून अपंग असलेल्या माणसाला 'आपण कोणाच्या जागी असू ते ठाऊक नाही' असे म्हणून कोणत्या अज्ञानात बसवायचे? त्याला ठाऊक आहे. क्वालीच्या हिशेबात त्याला वाचवल्यावर मिळणारे वर्ष ०.७ चे असेल आणि धडधाकट माणसाचे एकचे, तर दोघांपैकी एकालाच वाचवता येत असताना नियम दर वेळी दुसऱ्याची बाजू घेईल. तत्त्वज्ञ जॉन हॅरिस यांनी १९८७ मध्ये याला दुहेरी शिक्षा म्हटले: आधी दुर्दैवाने अपंगत्व आले, आणि त्या दुर्दैवामुळेच मदतीच्या रांगेत मागची जागा मिळाली. ओरेगॉनची सुधारलेली योजनादेखील १९९२ मध्ये केंद्र सरकारने आधी नाकारली ती याच कारणावरून, की ती अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या कायद्यात बसत नाही.

इथे मूल्य आणि योग्यता यांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. वेदनारहित वर्ष वेदनेच्या वर्षापेक्षा चांगले, हे मूल्याचे विधान आहे आणि ते खरे आहे. म्हणूनच तर आपण वेदना शमवतो. एकाच रुग्णासाठी दोन उपचारांतून निवड करताना हे विधान पुरेसेही आहे. पण त्यावरून वेदनेत जगणाऱ्या माणसाचा जगण्यावरचा दावा सातदशांश ठरत नाही. इमॅन्युएल कांट यांनी १७८५ मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा यांत जो भेद केला तो याच ठिकाणी उपयोगी पडतो: ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचे दुसरे ठेवता येते, माणसाच्या जागी असे काही ठेवता येत नाही. आयुर्वर्षे एकमेकांच्या जागी ठेवता येतात. ती ज्यांची आहेत ती माणसे ठेवता येत नाहीत. कांट यांचे बाकी कडक नियम न मानणाऱ्यालाही एवढा भेद मान्य व्हायला हरकत नसावी.

मग सिएटलच्या समितीने करायला काय हवे होते? धर्मशास्त्राचे अभ्यासक जेम्स चाइल्ड्रेस यांनी १९७० मध्ये सुचवले की वैद्यकीय पात्रता एकदा ठरली की पुढची निवड सोडतीने किंवा आधी येईल त्याला आधी या पद्धतीने व्हावी. लोकांना सोडत म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणे वाटते. तत्त्वज्ञ जॉन ब्रूम यांनी नंतर याचे जे स्पष्टीकरण केले ते मला पटते: जेव्हा अनेकांचे दावे सारखेच बळकट असतात आणि वस्तू एकच असते, तेव्हा प्रत्यक्ष वस्तू सर्वांना देता येत नाही, पण ती मिळण्याची समान संधी देता येते, आणि ती देणे म्हणजे प्रत्येकाच्या दाव्याची अंशतः तरी दखल घेणे. पत्र मग असे होते: 'आपला दावा इतर कोणाहूनही कमी नव्हता. यंत्र एक होते. चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची निघाली.' लाभाची शक्यता फारच असमान असेल, म्हणजे एकाच्या बाबतीत उपचार जवळजवळ निश्चित लागू पडणार आणि दुसऱ्याच्या बाबतीत जेमतेम, तर हे पुरे नाही. तिथे परिणाम मोजावेच लागतात, आणि त्याचेही पत्र लिहिता येते, कारण त्यात माणसाच्या लायकीबद्दल एक अक्षर नसते.

या पत्रातही एक गोष्ट उरतेच. तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० मध्ये कर्तव्यांविषयी लिहिताना असे दाखवले की एका कर्तव्यापुढे दुसऱ्याने माघार घेतली म्हणजे ते रद्द होत नाही. मित्राला दिलेला शब्द अपघातग्रस्ताला मदत करताना मोडावा लागला, तरी मित्राचे देणे लागते. माफी मागावी लागते, भरपाई करावी लागते. सोडतीत हरलेल्या रुग्णाचा दावाही असाच शिल्लक राहतो. बेरजेच्या हिशेबात मात्र काही शिल्लक राहत नाही. सर्वाधिक चांगले घडवले की खाते बंद होते, आणि ज्याचे गेले त्याच्याविषयी व्यवस्थेला काहीही करायचे उरत नाही. हे मला त्या विचारसरणीचे सर्वांत मोठे व्यंग वाटते.

शिल्लक राहिलेल्या दाव्यांचे काय होऊ शकते तेही सिएटलच्या प्रकरणानंतर दिसले. १९७२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या जवळजवळ सर्वच रुग्णांचा खर्च वयाची अट न घालता सरकारी विम्यात घेतला. निवड करणाऱ्या समित्यांची गरजच त्यामुळे संपली, कारण यंत्रांचा तुटवडा हा निसर्गाने ठरवलेला आकडा नव्हता. पैसा कुठे घालायचा याचा तो निर्णय होता, फक्त कोणी घेतल्यासारखा दिसत नव्हता. त्या योजनेवरचा खर्च पुढे सुरुवातीच्या अंदाजांच्या कितीतरी पट वाढला, आणि एका आजाराला हे संरक्षण का आणि तितक्याच जीवघेण्या दुसऱ्याला का नाही, असे विचारणारे लगेच पुढे आले. त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्यांनाही कोणीतरी पत्र लिहिणे लागत होते.